टेलिफोन लाइनचा बिघाड: आधी प्रश्न, मग उपकरण

घरातले इंटरनेट रखडू लागले की पुढचा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. मॉडेम बंद करून पुन्हा चालू केला जातो, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली जाते आणि शेवटी तक्रार नोंदवली जाते. मॉडेम पुन्हा चालू केल्याने जोडणी काही काळ सावरते. स्पीड टेस्ट वेग कमी असल्याचे सांगते, जे आपल्याला आधीच माहीत असते. लाइनमन येतो तेव्हा लाइन नेमकी ठीक चाललेली असते. तो सही घेऊन जातो, दोन दिवसांनी पाऊस पडतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मग काही जण स्वतःच उपकरणे धुंडाळू लागतात. केबल टेस्टर, टोन जनरेटर, मल्टिमीटर, मेगर, टीडीआर अशी नावे समोर येतात आणि किमती काहीशे रुपयांपासून लाखाच्या पलीकडे जातात. यातले काय घ्यावे? माझे उत्तर असे की, प्रत्येक उपकरण एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर देते, म्हणून प्रश्न आधी ठरवावा. तो नीट ठरला तर बहुतेक घरांचे काम दोन हजार रुपयांच्या आत भागते. प्रश्न न ठरवता घेतलेले महागडे यंत्रही कपाटात पडून राहते.

तारेतून काय काय वाहते

बीएसएनएल आणि एमटीएनएल यांनी जानेवारी २००५ मध्ये आपल्याकडे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड द्यायला सुरुवात केली. त्या वेळच्या सरकारी धोरणानुसार सेकंदाला २५६ किलोबिट एवढा वेग ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला पुरेसा होता. आता शहरांत फायबर पसरले आहे, पण जिथे ते पोचलेले नाही तिथली घरे, दुकाने आणि छोटी कार्यालये अजून त्या जुन्या तारेवरच अवलंबून आहेत.

ही तार म्हणजे एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तांब्याच्या तारांची जोडी, लाइनमनच्या भाषेत ‘पेअर’. घरातल्या रोझेटपासून ड्रॉप वायर खांबावरच्या किंवा इमारतीच्या भिंतीवरच्या डीपी बॉक्समध्ये जाते. तिथून जमिनीखालच्या केबलमधून ती पिलरपर्यंत, म्हणजे रस्त्याकडेच्या जोडपेटीपर्यंत, आणि पिलरपासून एक्स्चेंजपर्यंत पोचते. वाटेत अनेक सांधे असतात, आणि बहुतेक बिघाड या सांध्यांतच असतात.

या एकाच जोडीवर तीन गोष्टी एकाच वेळी नांदतात. पहिली म्हणजे एक्स्चेंजच्या बॅटरीचा सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश दाब, ज्यावर फोन चालतो. दुसरी आवाज, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात. तिसरी ब्रॉडबँड, २५ किलोहर्ट्झच्या वर. एडीएसएल या ब्रॉडबँडच्या प्रकारात घराकडून जाणारी माहिती १३८ किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात असते आणि घराकडे येणारी त्याच्या वर ११०४ किलोहर्ट्झपर्यंत. एडीएसएल टू प्लसमध्ये ही मर्यादा २२०८ किलोहर्ट्झपर्यंत वाढते. हा सगळा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झच्या छोट्या वाहकांत विभागलेला असतो. टू प्लसमध्ये असे ५१२ वाहक असतात आणि जिथे गोंगाट कमी तिथल्या वाहकावर मॉडेम जास्त बिट लादतो, एकावर जास्तीत जास्त १५.

या तीन थरांमुळेच एका उपकरणाने सगळे कळत नाही. जोडीतली एक तार पूर्ण तुटली तर फोन मुका होतो, पण उच्च वारंवारतेचा संदेश तुटलेल्या टोकांमधल्या धारकतेतून थोडाफार पलीकडे झिरपतो आणि ब्रॉडबँड रांगत का होईना चालू राहते. उलट फोनवर आवाज स्वच्छ असतो आणि ब्रॉडबँड मात्र दर दहा मिनिटांनी तुटते, असेही घडते. मल्टिमीटर पहिल्या थराविषयी सांगतो, कान दुसऱ्याविषयी आणि मॉडेम तिसऱ्याविषयी. यातला कोणताही एक साक्षीदार दुसऱ्याची साक्ष देऊ शकत नाही.

पहिला प्रश्न: बिघाड लाइनचा आहे का?

अनेक ‘लाइनच्या’ तक्रारी मुळात लाइनच्या नसतात. तिसऱ्या खोलीत वाय-फाय पोचत नसेल तर त्याचा दोष रस्त्याखालच्या केबलला देता येत नाही. म्हणून सर्वांत आधी संगणक इथरनेट केबलने थेट मॉडेमला जोडावा आणि मग पाहावे. ही केबल बहुतेकदा मॉडेमच्या खोक्यातच मिळालेली असते.

त्यानंतर मॉडेमवरचे दिवे पाहावेत. डीएसएलचा दिवा स्थिर असेल तर मॉडेम आणि एक्स्चेंजमधले यंत्र यांचा तारेवरचा संवाद जुळलेला आहे. तो स्थिर असून इंटरनेटचा दिवा लाल असेल किंवा लागतच नसेल, तर गडबड लॉगिनमध्ये, थकलेल्या बिलात किंवा कंपनीच्या पुढच्या यंत्रणेत आहे. अशा वेळी तारेवर कोणतेही उपकरण लावणे व्यर्थ आहे. डीएसएलचा दिवाच लुकलुकत राहिला तर मात्र आपण योग्य जागी शोधतो आहोत.

दोन्ही दिवे ठीक असूनही पाने उघडायला वेळ लागत असेल तर पिंग आणि ट्रेसरूट या संगणकातच असलेल्या आज्ञा उपयोगी पडतात. आधी मॉडेमला पिंग करावे. तिथेच उत्तरे गळत असतील तर दोष घरात आहे. मॉडेम नीट उत्तर देतो पण त्याच्या पुढचा पहिला टप्पा गळतो, तर लाइनकडे पाहावे. पहिले टप्पे नीट असून पुढचे कुठे अडत असतील तर तारेचा संबंध नाही. स्पीड टेस्ट हे साधन निदानासाठी सर्वांत कमकुवत आहे. ती सगळ्या प्रवासाचा एकच आकडा देते आणि अडथळा कुठे हे सांगत नाही.

दुसरा प्रश्न: घराच्या आत की बाहेर?

माझ्या मते संपूर्ण शोधातला हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे, आणि त्याला लागणारे साधन म्हणजे एक मीटरभर लांबीची टेलिफोनची तार. बाहेरून आलेली लाइन घरात जिथे पहिल्यांदा टेकते त्या रोझेटवर जावे. तिथून पुढे घरात गेलेली सगळी वायरिंग, समांतर फोन, फॅक्स, गजर यंत्रणा काढून ठेवावी आणि मॉडेम तिथेच थेट जोडावा. तास-दोन तास निरीक्षण करावे. जोडणी सुधारली तर बिघाड घरातला. काहीच फरक पडला नाही तर तो बहुधा बाहेरचा, आणि मग तो शोधणे कंपनीचे काम. एक मॉडेम आणि फोनचा आवाज व ब्रॉडबँड वेगळे ठेवणारा एक फिल्टर शेजाऱ्याकडून उसने आणून तीच चाचणी पुन्हा केली की शंकेला जागा उरत नाही. मॉडेमचा अडॅप्टरही तपासावा. १२ व्होल्टचा अडॅप्टर म्हातारा झाला की भार पडताच त्याचा दाब घसरतो आणि मॉडेम मधूनच पुन्हा सुरू होतो. बघणाऱ्याला ते लाइन तुटल्यासारखेच दिसते.

ब्रिटनमध्ये घरातल्या मुख्य सॉकेटचे खालचे झाकण काढले की आत एक चाचणीचे सॉकेट असते आणि झाकणाबरोबर घरातली सगळी वायरिंग आपोआप सुटते. आपल्या रोझेटमध्ये अशी सोय सहसा नसते, म्हणून स्क्रू सैल करून तारा हाताने सोडवाव्या लागतात. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

घरातली वायरिंग एवढी महत्त्वाची का, यामागे एक सुंदर गणित आहे. मुख्य लाइनला फांदीसारखी जोडलेली आणि पुढे मोकळी सोडलेली तार म्हणजे ‘ब्रिज टॅप’. त्या फांदीत गेलेला संदेश टोकावर आपटून परत येतो आणि एका ठरावीक वारंवारतेला मूळ संदेशालाच मारतो. फांदीची लांबी त्या लहरीच्या पाव भागाएवढी असते तिथे हे घडते. तारेत संदेशाचा वेग प्रकाशाच्या सुमारे दोन तृतीयांश धरला, तर १०० मीटरची फांदी ५०० किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा पाडते, ५० मीटरची १ मेगाहर्ट्झला आणि १० मीटरची ५ मेगाहर्ट्झला. म्हणजे हॉलपासून बेडरूमपर्यंत ओढलेली दहा मीटरची जुनी तार एडीएसएलला फारशी जाणवत नाही, कारण त्याचा पट्टा २.२ मेगाहर्ट्झला संपतो. त्याच घरात व्हीडीएसएल हा ब्रॉडबँडचा पुढचा प्रकार आला, की त्याचा पट्टा १७ मेगाहर्ट्झपर्यंत जाऊ शकत असल्याने तीच तार जोडणीचा घात करते. ‘इतकी वर्षे तर चालत होते’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

मॉडेम हेच सर्वांत चांगले मापनयंत्र

उच्च वारंवारतेला लाइन कशी वागते हे मोजणारे यंत्र आपल्या घरात आधीपासून आहे. संगणकावरून मॉडेमच्या पत्त्यावर गेल्यावर, जो बहुतेकदा १९२.१६८.१.१ असतो, डीएसएल स्टेटस नावाचे पान सापडते. त्यातले तीन आकडे वाचता आले पाहिजेत.

पहिला लाइन अटेन्युएशन, म्हणजे वाटेत संदेश किती क्षीण झाला. ०.४ मिलिमीटर जाडीच्या तारेत एडीएसएलसाठी तो किलोमीटरला सुमारे १३.८ डेसिबल धरतात. मॉडेम ४१ डेसिबल दाखवत असेल तर तार साधारण तीन किलोमीटर लांब आहे, आणि अशा लाइनवर २४ मेगाबिटची अपेक्षा धरणे चूक आहे. हा आकडा महिनोन्महिने जवळपास स्थिर राहतो. तो अचानक वाढला तर तारेत काही तरी बदलले, बहुधा एखादा सांधा सुटला किंवा एक तार तुटली.

दुसरा एसएनआर मार्जिन, म्हणजे जोडणी टिकण्यासाठी लागणाऱ्या किमान पातळीच्या वर किती गंगाजळी शिल्लक आहे. बहुतेक कंपन्या जोडणी करताना ६ डेसिबलचे लक्ष्य ठेवतात. याचा अर्थ गोंगाटाची शक्ती चौपट होईपर्यंत जोडणी तग धरते. हा आकडा दिवसभरात थोडा वरखाली होतो. सूर्यास्तानंतर मध्यम लहरींची दूरची रेडिओ केंद्रे आकाशमार्गे पोचू लागतात, त्यामुळे रात्री दोन-तीन डेसिबल कमी दिसणे स्वाभाविक आहे. मात्र तो शून्याकडे झेपावत असेल, किंवा रोज संध्याकाळी एका ठरावीक वेळीच कोसळत असेल, तर बाहेरून येणारा गोंगाट शोधायला हवा.

तिसरा चुकांचा हिशोब, सीआरसी किंवा एरर्ड सेकंद या नावाने दिलेला. इथे अनेकांची फसगत होते. मॉडेम चार आठवडे चालू असेल तर दहा हजार चुका काहीच नाहीत, आणि दहा मिनिटांपूर्वी चालू केला असेल तर तेवढ्याच चुका गंभीर आहेत. म्हणून एकूण आकडा न पाहता पंधरा मिनिटांच्या अंतराने दोनदा नोंद घ्यावी आणि फरक पाहावा.

काही मॉडेम प्रत्येक वाहकावर किती बिट चढले याचा आलेखही देतात. राउटरस्टॅट्स किंवा डीएसएलस्टॅट्ससारखे संगणकावरचे कार्यक्रम अनेक मॉडेममधून हे आकडे सतत काढून मार्जिनचा तासागणिक आलेख बनवतात. अशा आलेखातला एखादा अरुंद खड्डा रेडिओ केंद्राचा असतो. पुणे आकाशवाणी मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला आहे, म्हणजे १८४ व्या वाहकापाशी. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झला, म्हणजे १२९ व्या वाहकापाशी. प्रक्षेपकाजवळच्या घरात तिथे खड्डा दिसला तर तो बिघाड नाही, मॉडेमने शहाणपणाने ती जागा टाळलेली असते. रुंद आणि ठरावीक अंतराने येणारे खड्डे मात्र ब्रिज टॅपकडे बोट दाखवतात.

नवा मॉडेम निवडताना वेगाच्या जाहिरातीपेक्षा हे पान किती तपशील दाखवते ते पाहावे, असा माझा आग्रह आहे. आकडे लपवणारा मॉडेम स्वस्त असला तरी अडचणीच्या दिवशी आंधळा ठरतो.

कान आणि साधा वायरचा फोन

कॉर्डलेस फोन स्वतःची खरखर घालतो, म्हणून चाचणीसाठी साधा वायरचा फोन जपून ठेवावा. तो रोझेटला लावून रिसीव्हर उचलावा आणि एक आकडा दाबावा. डायल टोन थांबतो आणि पुढचे काही सेकंद लाइनची शांतता ऐकू येते.

त्या शांततेत काय ऐकू येते यावर बरेच अवलंबून आहे. घूं असा सलग आवाज म्हणजे विजेच्या ५० हर्ट्झचा शिरकाव. जोडीला पीळ असल्यामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांत सारखाच शिरतो आणि टोकाला एकमेकांना रद्द करतो. एका तारेतून जमिनीकडे गळती झाली, किंवा एकाच तारेतला सांधा गंजला, की हे संतुलन बिघडते आणि घूं ऐकू येते. तेच बिघडलेले संतुलन ब्रॉडबँडच्या पट्ट्यातही गोंगाट आत घेते. कडकड, फटफट असा आवाज सैल किंवा गंजलेल्या सांध्याचा असतो. दुसऱ्याचे बोलणे ऐकू आले तर केबलमध्ये दोन जोड्या एकमेकींना चिकटल्या आहेत किंवा ओल शिरली आहे. मॉडेम चालू असताना सुस्कारा ऐकू येतो आणि तो बंद केल्यावर थांबतो, तर फिल्टर खराब आहे किंवा एखाद्या फोनला लावायचा राहून गेला आहे.

‘फोन आला की नेट जाते’ ही तक्रार तर घरोघरी ऐकू येते. त्याची दोन कारणे असतात. घंटीचा प्रत्यावर्ती दाब ७५ व्होल्टच्या आसपास असतो आणि फिल्टर खराब असेल तर तो मॉडेमला हादरवतो. फिल्टर बदलूनही तसेच होत असेल तर कुठल्या तरी सांध्यात उच्च रोध आहे आणि प्रवाह बदलताच तो आपला स्वभाव बदलतो. काही वेळा उलटेही होते, एक फोन केला की नेट सुधारते, कारण फोनच्या प्रवाहाने गंजाचा पातळ थर तात्पुरता भेदला जातो. ही नोंद लाइनमनला दिली तर तो नेमका सांध्याकडे जातो.

मल्टिमीटर: कसा घ्यावा, काय मोजावे

विकत घ्यायचे एकच विद्युत उपकरण असेल तर तो डिजिटल मल्टिमीटर असावा. हजार-दीड हजार रुपयांत चांगला मिळतो. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: सुरक्षिततेचा दर्जा किमान कॅट थ्री असावा, व्याप्ती आपोआप निवडणारा असावा आणि त्यात नॅनोफॅरडपर्यंत धारकता मोजण्याची सोय असावी. शेवटची सोय का, ते पुढे येईल.

घरातले सगळे काढून ठेवल्यावर रोझेटच्या दोन स्क्रूंमध्ये एकदिश दाब मोजावा. ४५ ते ५४ व्होल्टच्या दरम्यान असेल तर एक्स्चेंजपर्यंतची जोडी सलग आहे. रिसीव्हर उचलल्यावर तो दहाच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. दाब मधूनमधून हलत राहिला तर सांधा सैल असल्याची शंका घ्यावी.

दाब शून्य आला तर दोन शक्यता उरतात, तार तुटली किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या. दाब खरोखर शून्य असल्याची खात्री केल्यावरच रोध मोजावा, कारण चालू लाइनवर रोध मोजला तर आकडा खोटा येतो आणि मीटरही बिघडू शकतो. काहीशे ओहमचा रोध आला तर तारा चिकटल्या आहेत. ०.४ मिलिमीटरच्या जोडीचा जाऊन-येऊन रोध किलोमीटरला सुमारे २७५ ओहम आणि ०.५ मिलिमीटरच्या जोडीचा सुमारे १७५ ओहम असतो, म्हणून तारा पुरत्या चिकटल्या असतील तर त्यावरून अंतराचा अंदाज बांधता येतो. रोध अमर्याद आला तर तार तुटली. आता धारकता कामाला येते. टेलिफोन केबलची धारकता किलोमीटरला सुमारे ५२ नॅनोफॅरड असते. मीटरने १३ नॅनोफॅरड दाखवले तर तुटलेली जागा साधारण पाव किलोमीटरवर आहे. जवळजवळ काहीच दाखवले नाही तर तार डीपी बॉक्सच्या अलीकडे, ड्रॉप वायरमध्येच तुटली असावी. हा अंदाज ढोबळ आहे, पण शोध घराजवळ घ्यायचा की पिलरपाशी हे त्यातून ठरते.

सावधगिरीचे दोन शब्द इथे आवश्यक आहेत. ४८ व्होल्ट सहसा इजा करत नाहीत, पण घंटी वाजत असताना उघड्या तारेला हात लागला तर झटका बसतो. आकाशात विजा चमकत असतील तर लाइनला अजिबात हात लावू नये. खांब, डीपी बॉक्स आणि पिलर कंपनीचे असतात. ते उघडल्याने शेजाऱ्यांच्या जोड्या तुटतात आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारांचा धोका असतो.

खिशातला रेडिओ

गोंगाट शोधण्यासाठी हजारो रुपयांची यंत्रे आहेत, पण मध्यम लहरींचा छोटा बॅटरीवरचा रेडिओ घरापुरते तेच काम करतो. मध्यम लहरींचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झचा, म्हणजे एडीएसएलच्या पट्ट्याच्या मोठ्या भागावर पडणारा. कुठलेही केंद्र नसलेल्या जागी रेडिओ लावावा आणि घरभर फिरावे. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे हलके चार्जर, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर, इन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांच्याजवळ भुणभुण वाढते. ती ज्या वस्तूपाशी सर्वाधिक, ती वस्तू बंद करून मॉडेममधला मार्जिन पाहावा. मॉडेम छोट्या यूपीएसवर ठेवून घराचा मुख्य स्विच पाच मिनिटे बंद करणे हीदेखील निर्णायक चाचणी आहे. मार्जिन एकदम उसळला तर शत्रू घरातच आहे.

व्यावसायिकांची हत्यारे

टीडीआर तारेत एक विद्युत स्पंद सोडतो आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीचा वेळ मोजतो. स्पंद १० मायक्रोसेकंदांनी परतला तर दोष सुमारे एक किलोमीटरवर आहे. तुटलेल्या तारेवरून तो त्याच दिशेचा परततो आणि चिकटलेल्या तारांवरून उलटा. हे यंत्र अद्भुत आहे, पण एक्स्चेंजच्या बाजूने जोडी सोडवता येत असेल आणि केबलचा नकाशा हाती असेल तरच त्याचे उत्तर कामी येते. घरमालकाला ‘दोष ६४० मीटरवर’ एवढे कळून तो रस्ता खणू शकत नाही.

मेगर उच्च दाब देऊन तारांच्या आवरणाची गळती मोजतो. ओल शिरलेली केबल ओळखायला त्याच्यासारखे साधन नाही. पण दुसऱ्या टोकाला एक्स्चेंजचे कार्ड आणि अलीकडे मॉडेम जोडलेला असताना तो चालवला तर दोन्ही जळू शकतात. घरगुती माणसाने तो घेऊ नये.

टोन जनरेटर आणि त्याचा शोधक मात्र सोसायटीची अंतर्गत वायरिंग पाहणाऱ्या इलेक्ट्रिशियनने जरूर घ्यावा. पन्नास जोड्यांच्या जंजाळातून चौथ्या मजल्यावरची जोडी कोणती, हे तो मिनिटात सांगतो. फक्त तो चालू लाइनवर लावू नये. दिव्यांचा केबल टेस्टर जोड सलग आहे एवढेच सांगतो. गंजलेला सांधाही त्याला सलगच वाटतो, म्हणून त्याच्या हिरव्या दिव्यावर विसंबू नये. डीएसएल जोडून पाहणारे आणि तारेचे सर्व गुण मोजणारे एकत्रित टेस्टर ज्यांना रोज दहा लाइन तपासायच्या आहेत त्यांच्यासाठीच आहेत.

फायबर आल्यावर

फायबरच्या जोडणीत तांबे नसल्याने मल्टिमीटर आणि रेडिओ निरुपयोगी ठरतात, विचार मात्र तोच राहतो. घरातल्या फायबर यंत्रावर लॉसचा दिवा लाल असेल तर प्रकाश पोचत नाही. पोचणारी प्रकाशशक्ती यंत्राच्या पानावर दिसते आणि ती साधारणपणे उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान हवी. लाल लेझरची पेन तुटलेला किंवा फार वाकलेला भाग उजळवून दाखवते. एक नियम न चुकता पाळावा: फायबरच्या उघड्या टोकात डोकावू नये, कारण येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो आणि तो डोळ्याला दिसत नाही.

काय घ्यावे आणि काय करावे

घरासाठी माझी यादी छोटी आहे. वायरचा साधा फोन, एक जास्तीचा फिल्टर, मीटरभर टेलिफोन तार, इथरनेट केबल, धारकता मोजणारा मल्टिमीटर, मध्यम लहरींचा रेडिओ आणि एक वही. यातली वही सर्वांत महत्त्वाची. लाइन चांगली चालत असतानाच तिच्यात व्होल्टेज, अटेन्युएशन, मार्जिन आणि जोडणीचा वेग तारखेसह लिहून ठेवावा, कारण निरोगी लाइनचे आकडे माहीत नसतील तर आजारी लाइनचे आकडे काहीच सांगत नाहीत. पावसाळ्याआधी एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा नोंद केली तरी पुरे.

तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ एवढेच न सांगता असे सांगावे: ‘मॉडेम थेट रोझेटला लावला आहे, घरातली वायरिंग काढली आहे, दुसरा मॉडेम लावून पाहिला आहे, मार्जिन ९ होता तो आता २ आहे आणि फोनवर कडकड ऐकू येते.’ लाइनमन हा आपला विरोधक नाही. रोज अनेक घरांचे खांब चढणाऱ्या त्या माणसाला अशी माहिती मिळाली तर त्याचा अर्धा शोध घरापाशीच संपतो आणि तो थेट सांध्याकडे जातो. म्हणून उपकरणांच्या दुकानात जाण्याआधी आज संध्याकाळी मॉडेमचे पान उघडा आणि त्यातले तीन आकडे वहीत लिहून ठेवा.